डॉक्टरांचा चुकलेला अंदाज

पोटातल्या अल्सरमधून रक्त जाणारा पेशंट आमच्या नांदेडच्या दवाखान्यात आला, की आमचे डॉक्टर आधी स्वतःचे तळहात चोळून गरम करतात आणि मगच त्याच्या पायाला हात लावतात. पाय गार लागला, म्हणजे रक्त फार गेलंय; मग त्यांचं बोलणं कमी होतं. पण नातेवाइकांपासून ते काही लपवत नाहीत.

बिलोलीच्या एका आजींच्या अल्सरवर दुर्बिणीतून चिमटा बसवून, रक्त थांबवून ते बाहेर आले आणि माझ्यासमोर आजींच्या मुलाला म्हणाले, "दादा, रक्त थांबलं, पण परत सुटंल असं वाटून राहिलं. मग वाचवणं अवघड हाय."

त्यानंतर डॉक्टरांनी आजींची खाट आम्हा सिस्टरांच्या टेबलाशेजारी आणवली. रक्ताच्या पिशव्या तयार ठेवायला लावल्या. सलाइनमधलं औषध क्षणभरही थांबू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुर्बीण घालून जखमेवर आणखी एक चिमटा बसवला. जेवायलासुद्धा घरी गेले नाहीत.

रक्त परत सुटलं नाही.

आजींना घरी नेताना मुलगा कुरकुरला, "साहेब, उगंच भेव दाखवलं. कायबी झालं न्हाई."

"हाव, चुकला माझा अंदाज," डॉक्टर म्हणाले.

मला राग आला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी नजरेनंच गप्प केलं. बिलोलीकडं आता सगळे सांगतात, डॉक्टर लई चांगला, पण त्यानं सांगितलेलं खरं होत न्हाई.

मुलगा आजींना घेऊन निघाला, तेव्हा डॉक्टर पुढच्या पेशंटपाशी उभे राहून तळहात चोळत होते.