साडेपाच तास

नंदनवन वस्तीतल्या एका डायलिसिस सेंटरसाठी मी सॉफ्टवेअर लिहिलं होतं. पेशंटला आदल्या दिवशी वेळेचा मेसेज जायचा. त्या आठवड्यात मी तो भाग नव्यानं लिहिला. कॉम्प्युटर सहसा ग्रिनिचची वेळ साठवतात आणि आपल्याला दाखवताना तिच्यात साडेपाच तास मिळवतात. मीही मिळवले. पण या सेंटरच्या वेळा मीच पूर्वी भारतीय घड्याळाप्रमाणे साठवल्या होत्या, हे साफ विसरलो. सकाळी साडेदहाच्या पेशंटसाठी सेंटरच्या पडद्यावर साडेदहाच दिसत होते, मेसेजमध्ये मात्र दुपारचे चार गेले.

दुसऱ्या दिवशी चारला मी तिथं प्रिंटर जोडत होतो. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वाडीहून एक बाई नवऱ्याला धरून आत आली. त्याचे पाय सुजले होते, ओठ काळवंडले होते.

टेक्निशियन म्हणाला, "तुमचा नंबर साडेदहाचा होता. फोनही लागला नाही. मशीन दुसऱ्याला दिली."

"काहून? याच्यात चार लिहून हाय ना!" तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. "पाहा ना भाऊ. यायले श्वास घेता येऊन नाही राहिला."

मी पाहिलं. साडेदहात साडेपाच मिळवले की चार होतात. सकाळचे पेशंट उशिरा आल्यानं सहाही मशीन अजून चालू होत्या. अजून तीन तास एकही सुटणार नव्हती. आणि चारच्या पेशंटांना रात्री साडेनऊची वेळ गेली असणार!

"चूक माझी आहे," मी टेक्निशियनला म्हणालो. "यादीतल्या सगळ्यांना फोन करा, आत्ताच." आणि त्या दोघांना घेऊन ऑटोत बसलो.

रस्ताभर मी दवाखान्यांना फोन लावत होतो. दोन दवाखान्यांनी नाही म्हटलं. तिचा नवरा माझ्या खांद्यावर कलंडला होता, त्याच्या छातीतून घरघर येत होती. "आता कुठं नेऊ मी यायले?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी पुढचा नंबर लावायचो.

तिसऱ्या दवाखान्यानं घेतलं. बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून मी साडेपाच तास मिळवणारी ती ओळ खोडली. अर्धं मिनिट लागलं.

तो वाचला. सेंटरमधले बाकीचेही त्या दिवशी कसेबसे निभावले. त्या बाईनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. फक्त दर मेसेजनंतर तिचा फोन येतो, "भाऊ, उद्या साडेदहाच ना?"

मी हो म्हणत नाही. "थांबा," म्हणतो, आणि सेंटरला फोन लावून विचारतो.