झोत थांबला की संपला

मी तशी भित्री नाही. पण त्या दुपारी आंधळगावच्या घरी आईच्या एका साध्या वाक्यानं मी हबकले.

मी दीर्घिका मोजते. काही दीर्घिकांच्या मध्यावरचं कृष्णविवर भोवतालचा वायू गिळतं आणि दोन्ही बाजूंनी प्रचंड झोत फेकतं. जितकं लांब पाहावं तितका जुना काळ दिसतो, म्हणून त्या त्या काळातले झोत मोजता येतात. विश्व तरुण होतं तेव्हा जोरदार झोतांची चंगळ होती. पुढे वायू सरत गेला आणि ते भराभर कमी झाले. दुबळ्या झोतांत मात्र फारसा फरक पडला नाही. एवढंच असतं तर बरं होतं. खरी डोकेदुखी झोत थांबून गप्प झालेल्या दीर्घिकांची. नवा वायू आत पडला की थांबलेला झोत पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यामुळे गप्प दीर्घिका दम खातेय की कायमची संपली, ते नुसतं पाहून कळत नाही. सुट्टीतही मी त्याच्याशीच डोकं फोडत बसले होते.

बाबा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणतात. साखरेच्या दुखण्यामुळे त्यांच्या डोळ्यांच्या आत रक्तस्राव झाला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, अचानक अंधारून आलं तर तडक या, नाहीतर नजर जाईल. बाबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मागावर बसले. ऐकतील तर शपथ.

त्या दुपारी मागाची खटखट थांबली. ताटं मांडता मांडता आई म्हणाली, "तुह्या बाबानं माग वाढवला वाटते."

आमच्याकडे माग 'बंद केला' म्हणत नाहीत, अभद्र असतं ते. रोज दिवस मावळताना 'वाढवला' म्हणतात. शेजारच्या काकांनी माग कायमचा मोडून लाकडं विकून टाकली, तेव्हाही 'वाढवला'च म्हणाले.

"आत्ताच? काहून?"

"मले काय मालूम. पुसून ये."

विचारलंच नाही तर काही झालेलं नसेल, असं खुळ्यासारखं वाटलं. मग स्वतःवरच चिडले आणि गेले.

बाबा मागावरच बसले होते. आडवा धागा नेणारा धोटा मांडीवर ठेवून ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून बोटं फिरवत होते, तुटलेला धागा चाचपडत. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले. झरोक्यातलं ऊन माझ्या तोंडावर पडत होतं.

मी 'बाबा' म्हणायच्या आतच त्यांनी मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि परक्या माणसाला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "कोन आहे जी?"