पाठ म्हणायचं नाही

आमचे बाबा शिंपी. आठवडाभर मशीनवर आणि शनिवारी सिनेगॉगच्या, आम्हा यहुद्यांच्या प्रार्थनाघराच्या, चौथऱ्यावर. तोरा या आमच्या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग ते चर्मपत्रावरून सुरात वाचत आणि मग त्यावर चार शब्द बोलत. चार म्हणजे बाबांचे चार. पोटात कावळे ओरडायला लागले तरी ते संपत नसत. पण माणसं हलत नसत, कारण बाबा देवाच्या गोष्टीतही कापड, शिलाई आणि सासू आणत.

हे वाचन तोंडपाठ म्हणून चालत नाही. अक्षर डोळ्यांनी पाहायचं, त्यावर चांदीची काडी धरायची आणि मगच उच्चारायचं. आणि बाबांचे डोळे गेले होते. आधी सुईत दोरा मी ओवायला लागले, मग काजंही मीच करायला लागले. डॉक्टरांनी हात टेकले. कुणाला बोलू नकोस, एवढंच बाबा म्हणाले. सगळं पाठ असल्यामुळे ते चौथऱ्यावर खुशाल म्हणत राहिले आणि मी तोंडाला कुलूप लावून बसले. दुसरं वाचणारं कुणी नव्हतं हे खरं. पण बाबांना ते सोडवत नव्हतं, हे जास्त खरं.

मग तो भाग आला, डोळे मंदावलेल्या म्हाताऱ्या बापाचा. धाकटा मुलगा थोरल्याचे कपडे चढवून येतो आणि बापाला फसवून आशीर्वाद लाटतो. दरवर्षी बाबा त्या धाकट्याची बिनपाण्याने हजामत करत.

त्या दिवशी चौथऱ्यावर बाबांच्या शेजारी उभं राहण्याचा मान बेकरीवाल्या काकांचा होता. मी वर, बायकांच्या सज्जात. मध्येच काकांनी बाबांचं मनगट धरून काडी हळूच वरच्या ओळीवर नेली. शब्द एकीकडे चालले होते, काडी भलतीकडे. बाबा थांबले.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "बरेच दिवस मी पाठ म्हणतोय."

काका हलकेच म्हणाले, म्हणत राहा, आम्हाला चालतंय. सगळे इतके गप्प होते की वरपर्यंत ऐकू आलं.

"आंधळ्या बापाला फसवलं म्हणून त्या पोराला मी दरवर्षी बोल लावले," बाबा म्हणाले. "यंदा आंधळ्यानेच तुम्हाला फसवलं."

आणि ते बाजूला झाले.

काकांनी स्वतः वाचून पाहिलं. चर्मपत्रावर नुसती व्यंजनं असतात, काना-मात्रांसारख्या स्वरांच्या खुणा नसतात. दोन-तीन शब्दांतच गाडी अडली. काका घामाघूम झाले. बाबांचा गळा हलत होता, ओठ मिटलेले होते. ती अक्षरं बाबांनी मला मशीनशेजारी बसवून शिकवली होती, खुणांशिवाय, सुरासकट. पण आमच्याकडे बाई चौथऱ्यावर चढत नाही. तेही बाबांनीच शिकवलं होतं. मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

बाबांनी मान वर करून सज्जाकडे पाहिलं. मी बसले होते तिथे नाही, पलीकडच्या रिकाम्या बाकांकडे. ते तिकडेच बघत राहिले. पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता. तो मी गिळला.