कुसुमाची लाल डहाळी

ज्योत्स्ना राहायची लॉजवर आणि जीव असायचा तलावापलीकडे.

सिंदेवाहीपासून आत, जंगलातल्या एका मोठ्या तलावात जमिनीची एक जीभ शिरली आहे. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला जंगल. त्या जिभेवर सहा खोल्यांचं हे लॉज. पाहुणे वाघ बघायला येतात आणि तीन दिवस राहतात. ज्योत्स्ना तिथली गाईड. दहावी पास, वय चौतीस. खाकी सदरा तिला जरा सैलच होतो, म्हणून बाह्या दोन घड्या वर. बोलणं हळू. पाहुण्यांना ठसे दाखवताना ती काठीचं टोक ठशाला लागू देत नाही, वर अधांतरी धरते, जणू तो ठसा दुखावेल.

पहाटे ती व्हरांड्यात येऊन उभी राहायची. समोर पाण्यापलीकडे तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आणि त्यामागं तिचं गाव, भिवटोला. गावाच्या डाव्या अंगाला मोहाची झाडं. एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, म्हणजे पडलेलं फूल वेचायला सोपं जातं. त्या धुराच्या रेघा पाण्यावर आडव्या पसरत.

"काय सुंदर धुकं आहे हो!" नाशिकहून आलेले पाहुणे, इनामदार, म्हणाले होते. ती नुसतं हसली. त्या धुरातली एक रेघ तिच्या सासूची होती.

सासूबाईंचं नाव गुणाबाई. वय साठीच्या पुढे, अंगकाठी वाळक्या शेंगेसारखी आणि जिभेला धार. नवरा निकेश मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, तो मे महिन्यातच येणार. घरात म्हातारी एकटी. त्यात यंदा 'तळ्यावाली' वाघीण तीन मोठ्या पिल्लांसह नेमकी मोहाच्या बाजूला उतरली होती. आदल्या संध्याकाळी ज्योत्स्नानं फोन केला होता.

"आत्याबाई, उद्या मोहावर जाऊ नका. तळ्यावाली तिकडंच आहे. मी ठसे पाह्यले."

"तू रोज तिले पाहाले जातेस, तवा ते चांगली. मी गेली का वाईट?"

"मी गाडीत असतो."

"गाडीले दारं आहेत का तुया? ना छत, ना दारं. मले शिकवून राह्यली!"

"तुम्ही एकट्या मागं राहता, म्हून म्हणतो. बाकीच्या बाया निघाल्या की निघत जा."

"माया सासऱ्याचा मोहा सगळ्यात शेवटी आहे. त्याले मी सांगू का, जरा अलीकडं सरक म्हून?" असं म्हणून गुणाबाईंनी फोन ठेवला.

भिवटोल्याच्या बायांची एक रीत आहे. जंगलात जाणारी वाट जिथं सफारीच्या रस्त्याला मिळते, तिथं वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. आत जाणारी प्रत्येक बाई आपल्या अंगणातल्या झाडाची एक डहाळी त्या दगडाखाली खोचते, आणि बाहेर येताना आपली आपण काढून घेते. कुणाची कडुनिंबाची, कुणाची करंजीची, कुणाची आंब्याची. दगडाखाली डहाळी उरली, तर ती बाई अजून आत आहे. दुसऱ्याची डहाळी कुणी काढत नाही. गुणाबाईंच्या अंगणात कुसुमाचं झाड. चैत्रात त्याला लालभडक पालवी येते, आणि गावात ते झाड त्या एकाच अंगणात आहे.

सकाळी सव्वासहाला सफारीची उघडी जिप्सी दगडापाशी आली तेव्हा खाली डहाळ्यांचा झुबका होता. त्यात लाल पानं डोकावत होती. ज्योत्स्नानं ओळखलं, म्हातारीनं ऐकलं नाही. गेलीच शेवटी. तिनं नजर फिरवली, मोजलं काही नाही.

इनामदार पती-पत्नींची ही शेवटची फेरी होती. साहेबांच्या मांडीवर हाताएवढी लांब लेन्स. तीन दिवसांत वाघ काही दिसला नव्हता.

"आता घरी गेल्यावर स्वप्नातही हरणंच येणार," ते म्हणाले.

ड्रायव्हर बिलाल मागं वळून म्हणाला, "साहेब, इथं एसटी येत नाई टायमावर, हा तर वाघ होय."

इनामदारबाई खळखळून हसल्या. ज्योत्स्नाही हसली, पण तिचे कान मोहाच्या दिशेला होते. दोन तास ते पाणवठ्यापासून पाणवठ्यापर्यंत फिरले. एरवी परतीची वाट दुसरी असते, तलावाच्या वरच्या अंगानं. त्या दिवशी मागून, दगडाच्या बाजूनं, वाघाची चाहूल लागलेल्या चितळाचा इशारा ऐकू आला, म्हणून बिलालनं गाडी त्याच वाटेनं मागं घेतली. पावणेनऊला ते पुन्हा वाघोबाच्या दगडापाशी आले.

दगडाखाली एकच डहाळी होती. लाल.

बाकी सगळ्या बाया बाहेर पडल्या होत्या. एकट्या गुणाबाई आत. बिलालनंही पाहिलं. तो याच भागात पंधरा वर्षं गाडी चालवतो, त्याला रीत ठाऊक होती. त्यानं गाडीचा वेग कमी केला आणि ती मोहाकडच्या फाट्यावर वळवली.

पन्नास पावलांवर रस्त्याच्या धुळीत बायांच्या पावलांचे ठसे होते, आणि त्यांच्यावर ताजे, रुंद, चार बोटांचे ठसे.

"हे वाघाचे?" इनामदार अर्धवट उभे राहिले. "ताजे आहेत ना?"

"ताजे आहेत," ज्योत्स्ना म्हणाली.

आणि वळणावर ती होती. तळ्यावाली. रस्त्याच्या मधोमध बसलेली, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. इनामदारांच्या कॅमेऱ्याचा कडकडाट सुरू झाला. बाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. अशी बैठक गाईडच्या नशिबातही वर्षातून एखादीच येते.

ज्योत्स्नानं दुर्बीण लावली आणि वाघिणीचं तोंड पाहिलं. जबड्याखालचे पांढरे केस, मिशा, पुढचे पंजे. काही लागलेलं नव्हतं. मग पोट पाहिलं. पोट खपाटीला गेलेलं. म्हणजे हिनं आज काही खाल्लेलं नाही. तिनं दुर्बीण खाली घेतली, आणि लगेच पुन्हा लावली. म्हणजे ही उपाशी आहे.

वाघिणीच्या पलीकडे दोनशे पावलांवर गुणाबाईंच्या सासऱ्याचा मोहा. गाडी पुढं दामटून वाघाला उठवायचं नाही, हा नियम ज्योत्स्नाच नव्या गाईडांना शिकवायची. पाच मिनिटं गेली. दहा गेली. साहेबांनी कॅमेऱ्यात दुसरं कार्ड घातलं.

"बसू दे, बसू दे तिला," ते पुटपुटत होते. "देवा, अर्धा तास तरी बसू दे."

ऊठ गं, ज्योत्स्ना मनात म्हणत होती. ऊठ माझे आई, आणि दुसरीकडे जा.

शेवटी वाघीण उठली, अंग ताणलं, आणि पाण्याच्या दिशेनं झुडपात शिरली.

"मॅडम, तिच्या मागं पाण्याकडे घ्यायची का गाडी?" इनामदारांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

"साहेब, नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "माझ्या सासूबाई मोह वेचायला आत आहेत. आधी तिकडं बघावं लागेल."

कॅमेरा हळूच खाली आला. इनामदारबाई म्हणाल्या, "अगं, मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

ज्योत्स्नानं बिलालला पुढं घ्यायची खूण केली. गाडी मोहाच्या समोर थांबली. रस्त्यावरूनच झाड दिसत होतं. खाली काळी, झाडलेली जागा. राखेतून बारीक धूर निघत होता. टोपली नाही, माणूस नाही. ज्योत्स्ना सीटवर उभी राहिली आणि गावच्या बाया देतात तशी लांबलचक हाक दिली. जंगलात ओरडायचं नाही, हाही नियमच. हाक झाडांत जिरून गेली. तिनं पाय पायरीवर टेकवला.

"ताई, वर चढा," बिलाल दबक्या आवाजात म्हणाला. "ते आत्ता इथून गेली अन् तुम्ही खाली उतरून राह्यल्या? तुमचं काही झालं तं म्हातारीले मी काय सांगू?"

ती वर चढली. इनामदारबाईंनी तिचा हात धरला आणि त्यांनीच जोरात हाक मारली, "ओ आजीऽऽ!" ओ आली नाही. एक कोतवाल पक्षी तेवढा उडाला.

तलावाच्या या बाजूला फोनला रेंज फक्त लॉजवर, पाण्याच्या टाकीपाशी. तिथवरची ती वीस मिनिटं ज्योत्स्नाला पुढं कधी नीट आठवली नाहीत. गाडी थांबायच्या आत तिनं उडी मारली. पहिल्यांदा फोन लागला नाही. दुसऱ्यांदा नुसता वाजत राहिला. तिसऱ्यांदा उचलला गेला आणि पलीकडून आवाज आला,

"कुठी होतीस वं तू? काऊन इतका उशीर?"

ज्योत्स्ना टाकीला टेकून खालीच बसली.

"हालो! बोलून नाई राह्यली काऊन?"

"आत्याबाई... तुम्ही कुठी आहा?"

"कुठी म्हणजे? गावच्या पाळीवर उभी आहो, उन्हात. मी सातलेच आली, सगळ्या बायांसंग. तूच सांगतलं होतं ना मागं राहू नको म्हून. तुई गाडी दिसली नाई, म्हून उभी आहो. पाय गेले माये."

"मंग डहाळी? दगडाखाली डहाळी आहे तुमची! लाल!"

"माई तं मी कवाच काढली." गुणाबाई जरा थांबल्या. "ते तुई होय."

"माई?" ज्योत्स्नानं विचारलं.

"तू बी तं आतच जातेस ना रोज?" आता गुणाबाईंचा आवाज चिडका झाला, लाजल्यावर त्यांचा होतो तसा. "तुया नावाची कोण ठेवते? निकेश गेला तवापासून मीच ठेवतो, दोन. तुई गाडी लॉजवर परतली, का इथून दिसते. मंग जाऊन काढतो. आज दिसलीच नाई."

मग ज्योत्स्नाला धुळीतले ते ठसे आठवले. बायांच्या पावलांची बोटं गावाकडे वळलेली होती, परतीची. पाहुण्यांना तीन वर्षं ती हेच शिकवत होती, ठसा कुणाचा ते नंतर, आधी कुठं चाललाय ते बघा. आज तिनं ते पाहिलंच नव्हतं.

"बरं, दिसली तू. आता जातो, काढून येतो तुई डहाळी," गुणाबाई म्हणाल्या.

ज्योत्स्ना ताडकन उठली. "नाही! तळ्यावाली त्याच रस्त्यावर आहे, उपाशी आहे. मी पाह्यली."

"आत गेलेलीची डहाळी बाहेर आल्यावर तशीच ठेवत नसतात."

"मी काढतो. दुपारच्या फेरीत जातो ना मी तिथूनच. ज्याची त्यानं काढायची, तुमचीच रीत आहे."

"गाडीतून उतरून?" गुणाबाईंनी विचारलं.

"दगडापाशी उतरता येते आमाले."

"बिलालले उभा ठेवजो बाजूला."

"ठेवतो."

"अन् मंग मले दिसंल असं कर काही. मी पाळीवर येतो पाच वाजता."

दुपारी इनामदार निघून गेले. जाताना साहेबांनी कॅमेऱ्यातला वाघ सगळ्यांना दाखवला, ज्योत्स्नाला दाखवायच्या आधी मात्र जरा घुटमळले. बाईंनी जिप्सीला दारं का नसतात, असं बिलालला दोनदा विचारलं.

चार वाजता, नव्या पाहुण्यांना गाडीत बसवून ठेवून, बिलालला शेजारी उभं करून ज्योत्स्नानं दगडाखालची डहाळी काढली. पानं मलूल झाली होती, लाल रंग काळपट पडला होता. वाघोबाला हात जोडताना तिची नजर झुडपांवरच होती.

नव्या पाहुण्यांची ती पहिली, छोटी फेरी होती. पाचला ज्योत्स्ना लॉजच्या टोकाशी, पाण्याच्या काठावर आली. डहाळी पलीकडून दिसण्यासारखी नव्हती. तिनं डोक्यावरची खाकी टोपी काढली आणि हात ताणून हलवली. पलीकडच्या पाळीवर हिरव्या लुगड्याचा एक ठिपका होता. तो हलला नाही. तिनं पुन्हा टोपी हलवली. मग ठिपक्यातून हात वर आला, एकदाच, आणि ठिपका वाकून टोपली उचलून चालू लागला.

उद्या पहाटे मोहाखाली पुन्हा धूर निघणार होता. ठिपका जंगलाकडे वळतो की घराकडे, ते ज्योत्स्ना टोपी हातात धरून बघत राहिली.