नागीण उतरली त्यानंतर

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही नागपुरात वाडीला भाड्यानं राहत होतो. नवऱ्याची नोकरी तिकडची, म्हणून. नाहीतर ट्रकांच्या त्या धुराळ्यात मी पाऊल ठेवलं नसतं. मी मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. शेजारच्या खोलीत एक ट्रक ड्रायव्हर आणि त्याची बायको राहत. दोघंही जवळच्या कुही गावाकडची. तो महिन्यातले थोडेच दिवस घरी असायचा, पण असला की त्यांच्या हसण्याचा आवाज भिंतीपलीकडून यायचा.

एका उन्हाळ्यात त्याच्या कमरेवर नागीण उठली. आमच्याकडे नागिणीचं औषध ठरलेलं. गेरू लावायचा, मंतरून घ्यायचं आणि तिचं तोंड शेपटीला टेकत नाही ना, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. टेकलं तर माणूस संपला म्हणतात. बायको रोज सकाळी पिसानं गेरू लावायची आणि मधे उरलेली जागा बोटांनी मोजायची. मी दोनदा रागावले, दवाखान्यात न्या म्हणून. दोन्ही वेळा तिनं मला चहा पाजला.

नागीण अर्ध्यातच सुकली. तिनं गल्लीत गूळखोबरं वाटलं. माझ्याही हातावर ठेवलं, पण मला ते गिळवेना. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू नसांमध्ये दडून बसतो, आणि अंगाचा पहारा ढिला पडला की नागीण होऊन उठतो. म्हातारपणी ठीक आहे, पण तिशीतल्या धडधाकट ड्रायव्हरच्या अंगाचा पहारा का ढिला पडावा? सगळ्यांची नजर नागिणीच्या तोंडाकडे होती. तिला उठवलं कोणी, हे कोणी विचारलंच नव्हतं.

मीच मागे लागून, कशासाठी ते सांगून, त्याला रक्त तपासून घ्यायला लावलं. ही तपासणी तेव्हा नवी होती. नमुना बाहेरगावी जायचा. उत्तर आलं तोवर तो तापानं वॉर्डात पडला होता. एचआयव्ही निघाला. त्या नावाची धास्ती इतकी, की वॉर्डातले कर्मचारी त्याचं जेवणाचं ताट पायानं सरकवत. मी भांडले. भांडून काही होत नाही हे दिसल्यावर ताट स्वतःच उचलून दिलं.

तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. बायको आली की ओरडून दारातूनच परत पाठवायचा. मला म्हणाला, "हिले कुहीले तिच्या भावाकडे धाडून द्या, डॉक्टरबाई. मायं अंगच नालायक निघालं. एवढं दूधतूप खाल्लं, कुस्त्या खेळलो, अन् एक रोग अडवता आला नाही."

चूक त्याची होती, लांबच्या रस्त्यांवरची, आणि ती तो कबूल करत होता. पण स्वतःच्या अंगावरचा त्याचा तो राग मला पाहवेना. मी स्टूल ओढून बसले. म्हटलं, तुम्ही माल उतरवता त्या गोदामाचंच घ्या. अंगातही दाराशी चौकीदार असतात. कोण, कुठला, असं विचारत बसत नाहीत. परका दिसला की धरतात. धरलेला चोर ते आत नेतात, सगळ्या शिपायांच्या जमादाराला दाखवायला. बाकीच्या रोगांचा बहुतेकदा तिथेच निकाल लागतो. या विषाणूला मात्र जमादारालाच गाठायचं असतं, आणि चौकीदार बखोट धरून त्याला नेमकं तिथेच पोचवतो. जमादार पडला की सगळा पहारा ढिला. आम्हा शिकवणाऱ्यांनाही हे नुकतंच कुठे उमगू लागलं होतं.

त्यानं भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "म्हंजे चौकीदार झोपला नव्हता."

"नाही. त्यानं आपलं काम इमानानं केलं."

त्यानं तोंडावर टॉवेल ओढून घेतला. हा धडा मी वर्गात शिकवत असे, पण त्यावर कोणी कधी रडलं नव्हतं.

बायकोला सांगणं भागच होतं. त्याला विचारून, तिला खाटेशी बसवून, मीच सांगितलं. तिचंही रक्त तपासणीला गेलं, आणि उत्तर येईपर्यंतचे दिवस आम्हा तिघांनाही फार वाईट गेले. तिच्यात काही निघालं नाही, तेव्हा त्यानं हात जोडले आणि लगेच म्हणाला, "आता तरी जाय वं. तू साबूत आहेस."

तिनं मला विचारलं, हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं हे लागतं का. मी नाही म्हटलं. बाकीची काळजी कशी घ्यायची ते तिला मागाहून समजावून दिलं. तिनं डबा उघडला, वरणभात कालवला आणि घास त्याच्या तोंडापाशी नेला. त्यानं मान फिरवली.

"मी तुमच्यावर रागावली आहो," ती म्हणाली. "लय दिवस रागावूनच राहीन. पन त्यासाठी तुमी जिते पाह्यजे मले. तोंड उघडा."

त्यानं तोंड उघडलं.

पुढच्या वर्षी तो गेला. तोवर ती त्याच्यावर रागावलेलीच होती, आणि तोवर दोघं एकाच ताटात जेवली.