छतातली दुसरी वायर

मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमच्या कंपनीचा गाळा होता. मेंटेनन्सला आम्ही दोघंच. तो मालवणकडचा, माझ्याहून मोठा, पण आमचं अरे-तुरेच चालायचं. काम मला त्यानेच शिकवलं.

त्या दुपारी पॅकिंगच्या टेबलावरची ट्यूबलाइटची पट्टी बदलायची होती. मी मेन स्विच पाडला. तो अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीवर चढला.

"मेन पाडलंस मां?" त्याने वरून विचारलं.

"पाडलाय रे. टेस्टर लावून बघ."

टेस्टरचा दिवा लागला नाही. मग पट्टी सोडवायला त्याने तिच्या मागे छतात हात घातला. शेजारच्या गाळ्याची एक वायर आमच्या छतातून गेलीय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. उंदरांनी ती सोलली होती आणि तिच्यात करंट होता.

तो ओरडलासुद्धा नाही. घशातून नुसती घरघर आली आणि अंग थरथरायला लागलं. शिडीला हात लावला असता तर मीही चिकटलो असतो. शेजारचा मेन कुठे आहे, माहीत नव्हतं. भिंतीशी खोक्याची कोरडी लाकडी फळी होती. ती उचलली आणि शिडी जोरात ढकलली. खाली मशीनचा लोखंडी चौथरा आहे, हे मला दिसत होतं. तो पाठीवरच पडला.

जीव वाचला. कमरेखालचं सगळं गेलं.

सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या घरी जायचो. त्याला कुशीवर वळवायला त्याच्या बायकोला एकटीला जमायचं नाही. एकदा ती पाणी भरायला बाहेर गेली, तेव्हा तो म्हणाला, "तिला सांगू नको. पण तू जरा थांबला असतास ना, तर सुटलो असतो रे."

मी त्याच्या पायांवरची चादर नीट केली.

"रागाने नाही म्हणत," तो म्हणाला. "उशी सरकव जरा."

पुढच्या वर्षी, पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळून तो गेला. स्मशानातून आल्यावर त्याच्या बायकोने माझ्यापुढे चहा ठेवला. म्हणाली, "भावजी, तुमच्यामुळे वर्षभर तरी माणूस घरात होता."

मी मान हलवली. त्याचं बोलणं तिला आजवर सांगितलेलं नाही.