पानाकाकांचा सैल सांधा

पानाकाकांना सगळी आळी ओळखायची ती त्यांच्या खिशातल्या पान्यावरून. लग्नाला निघाले तरी पाना खिशात. "न जाणो, तिथे एखादा नळ गळत असला तर?" असं म्हणायचे, आणि मेला एखादा गळत असायचाच! चाळीस वर्षं या माणसानं नळजोडणी केली. त्यांनी जोडलेला सांधा गळला असं सांगणारा अजून जन्माला यायचाय. आता ते निवृत्त झाले होते. निवृत्त म्हणजे काय, तर बायको सांगेल ते करायचं.

काकूंना मात्र काही सांगायचं तर समोर उभं राहून तोंड नीट हलवावं लागायचं. पाच-सहा वर्षांत त्यांचं ऐकणं कमी होत होत पार बंद पडलं. कानाचं यंत्र आणलं, ते कपाटात जाऊन बसलं. "कानात माश्या घोंगावतात," हे त्यांचं त्यावरचं शेवटचं मत. मग एक दिवस फाटकाशी मांजराचं पिल्लू आलं, पांढरं शुभ्र, निळ्या डोळ्यांचं, आणि तेही जन्मापासून ठार बहिरं निघालं. काकूंनी तिचं नाव साय ठेवलं. हाक मारून तर उपयोग नाही, म्हणून त्यांनी तिला वेगळीच हाक शिकवली. अंगणातल्या फरशीवर त्या दोनदा पाय आपटायच्या, धप् धप्, की साय असेल तिथून धावत यायची. पोरगी तळव्यांनी ऐकायची! काकांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला पेला हातातच राहिला. "अजब आहे बुवा," असं ते दिवसभर भिंतीला, बादलीला, दिसेल त्याला सांगत होते.

त्याहून अजब गोष्ट पुढेच. अंगणाच्या भिंतीपलीकडे मालट्रकांचा रस्ता होता. ट्रक येण्याआधी, काकांच्या धडधाकट कानांना कसलीच चाहूल लागण्याआधी, काकू आणि साय दोघी एकाच क्षणी मान वर करायच्या. मग थोड्या वेळानं काकांना घरघर ऐकू यायची. ज्यांना कान नाहीत त्यांना आधी कळतं आणि कान असणारा मागे राहतो, म्हणजे काय म्हणावं याला?

पण त्या कळण्यात एक खोट होती. जमीन थरथरते हे कळायचं, ट्रक कुठल्या बाजूनं येतोय हे कळायचं नाही. एका सकाळी साय भिंतीवरून पलीकडे उतरली आणि थरथर जाणवताच रस्त्याच्या मधोमध अंग चोरून बसली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. खाली उतरून त्यानं तिला उचललं आणि फाटकाशी आणून दिलं. "काका, सांभाळा हिला," तो म्हणाला. "आज माझा पाय वेळेवर पडला. रोज पडेलच असं नाही."

त्या दिवसापासून काकूंनी भिंतीशी स्टूल टाकलं. उजाडलं की स्टुलावर, मावळलं की सायीला काखोटीला मारून आत. जेवण तिथेच, मांडीवर ताट घेऊन. आयुष्यभर जपलेली दुपारची झोपही गेली. आठवड्याभरात त्यांचा चेहरा एवढासा झाला. सायीला दोरी बांधून पाहिली, तर तिनं अन्नपाणी सोडलं. लेकीला कळलं तेव्हा ती येऊन आईसमोर उभी राहिली. "आई, मांजरापायी तू अंथरूण धरशील. पुढच्या रविवारी मी टोपली आणते. माझ्याकडे चौथ्या मजल्यावर राहील ती, खिडक्या बंद करून."

काकू लेकीच्या ओठांकडे बघत राहिल्या आणि हूं की चूं न करता आत गेल्या. पानाकाका खरे घाबरले ते तेव्हा. ही बाई भांडली असती, भांडी आपटली असती, तर परवडलं असतं. न भांडणारी काकू त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

विकतची जाळी अंगणाच्या चारी बाजूंना लावायची तर खिशाला भोक पडलं असतं. पण काकांना एक जुनी गोष्ट आठवली. एका गोदामात सुट्या पाइपावर मांजरानं पाय ठेवला, पाइप गर्रकन फिरला आणि मांजर धप्पकन खाली. नखं रोवायला जागाच नाही! भिंतीच्या माथ्यावर असाच पाइप आडवा बसवला तर? खाटेखाली चाळीस वर्षांचे उरलेले प्लास्टिकचे पाइप होते, माळ्यावर गज होते, मोडक्या मांडणीच्या लोखंडी पट्ट्या होत्या. फाटकाच्या फटींवर पत्रा ठोकून झाला. भिंतीवर आणि फाटकावर पट्ट्या ठोकल्या, पाइपाच्या दोन्ही तोंडांना टोपणं बसवली, टोपणांना भोकं पाडून आरपार गज घातला आणि गजाची टोकं पट्ट्यांत अडकवली. गुरुवारी संध्याकाळी काम पुरं झालं तेव्हा काका कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. एक पाइप तसूभर हलेल तर शपथ.

साय आली, बसली, तिनं भिंतीकडे एकदा वर, एकदा खाली पाहिलं. मग उडी मारली आणि त्या पाइपावरून अशी ऐटीत चालत गेली की जणू तिच्याचसाठी पूल बांधलाय. काकूंनी कशीबशी तिची शेपटी धरली.

काकांना कळेना चुकलं कुठे. काकूंनी पाइपाला हात लावून पाहिला, मग गजापाशी बोट फिरवलं. चाळीस वर्षांच्या सवयीनं काकांनी भोक अगदी गजाच्या मापाचं पाडलं होतं, वर टेप गुंडाळली होती, त्यावर डिंकासारखं सोल्युशनही फासलं होतं. थेंब गळला नसता! आता त्यातून पाणी कुठलं जायचं होतं, हे विचारायची सोय नाही. काकू आत गेल्या, शिवणाच्या डब्यातून दोऱ्याचं रीळ आणि विणायची सुई घेऊन आल्या. रीळ सुईत ओवून त्यांनी टिचकी मारली. ते भिरभिर फिरलं.

"असं," काकू म्हणाल्या. "सैल. जन्मभर आवळत आलात, आता एकदा सोडा की!"

काका त्या रिळाकडे बघतच राहिले. कारागीर आपण, आणि अक्कल हिच्या शिवणाच्या डब्यात!

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं उतरवलं आणि भोकं मोठी करायला बसले. हात वळेना हो. सांधा मुद्दाम सैल ठेवायचा म्हणजे त्यांना पापच वाटत होतं. दर पाइपामागे पाना आपोआप खिशातून बाहेर यायचा. शेवटी त्यांनी तो काकूंच्या हवाली केला. शनिवारी पाइप चढले. वाऱ्याच्या झुळकीनंही खुळखुळ वाजायचे आणि काकांच्या काळजावर चरे पडायचे.

"फार वाजतंय गं," ते काकूंसमोर उभं राहून म्हणाले.

"मला नाही ऐकू येत," काकू म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या.

रविवारी लेक टोपली घेऊन आली. सायीनं जणू पाहुणे जमायचीच वाट पाहिली होती. तिनं भिंतीचा माथा न्याहाळला, अंग आखडलं, झेपावली. पंजे पाइपावर पडले, पाइप गर्रकन फिरला आणि ती अलगद अंगणात, चार पायांवर. ती पुन्हा उडाली, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा कोपऱ्यातून प्रयत्न केला, तिथेही तेच. मग ती बसली आणि पाइपाकडे असं पाहू लागली जसं काका इतके दिवस तिच्याकडे पाहत होते. लेकीनं टोपली हळूच फाटकाबाहेर ठेवली. काकूंनी स्टूल उचललं आणि घरात नेलं.

दुपारी काका पाणी प्यायला आत आले. काकू चटईवर झोपल्या होत्या, साय त्यांच्या पोटावर. लांबून घरघर ऐकू आली. ट्रक होता, चांगला भरलेला. मांडणीवरचे पेले किणकिणले, काकांच्या पायांखाली फरशी थरथरली. ते दारातच थबकले, श्वास रोखून दोघींकडे बघत. ट्रक भिंतीपलीकडून धडधडत गेला.

दोघींपैकी कुणीही मान वर केली नाही.

काकांचे डोळे भरून आले. लेकीनं मागून विचारलं, "काय झालं, बाबा?" त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. तिथे झोपलेल्या दोघींनाही ऐकू येत नाही, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.